सोरा कोणी खरवडला?

बंदुकीच्या दारूचा शोध प्रथम कोणी लावला, या प्रश्नावर आपल्याकडे अधूनमधून मोठा वाद माजतो. एक पक्ष म्हणतो की, आमच्या महाकाव्यांतील अग्न्यस्त्रे म्हणजे तोफाच होत, आणि शुक्रनीतीत तर दारूची कृतीच दिलेली आहे; मग चीनचे आणि युरोपचे कौतुक कशाला? दुसरा पक्ष पाश्चात्त्य इतिहासग्रंथांच्या आधारे सांगतो की, दारूने सरंजामदारांचे गढीकोट पाडले, चिलखती सरदाराला सामान्य शिपायाच्या पातळीवर आणले आणि आधुनिक युगाचा दरवाजा उघडला. एकाला पूर्वजांचा अभिमान मिरवायचा असतो, दुसऱ्याला प्रगतीचा. मात्र दोघांचे भांडण चालते ते तोफेच्या तोंडाशी. तोफेत जे ठासले जाते ते आले कोठून, ते कोणी खणून, उकळून, दळून दिले, आणि त्या माणसांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न दोघांनाही सुचत नाही. आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो; आणि तो केवळ भूतकाळाचा प्रश्न राहिलेला नाही, हे या लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईल.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यात घेता येतो. शुक्रनीतीचा आज उपलब्ध असलेला पाठ प्राचीन नाही. त्यात बंदुकांचे आणि दारूचे जे वर्णन येते तेच त्याच्या अर्वाचीनतेचा पुरावा होय, असे अनेक संशोधकांचे मत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या पाच शतकांतील भारतीय दारूकामाचा साधार इतिहास लिहून ठेवला आहे. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावे असलेल्या 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथातील शोभेच्या दारूच्या कृती त्यांनी दाखवून दिल्या. तो ग्रंथ पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाळातला. दारूची सर्वांत जुनी लेखी कृती चीनमध्ये १०४४ साली संकलित झालेल्या 'वूजिंग झोंगयाव' या युद्धशास्त्रावरील ग्रंथात आहे, आणि तेथील किमयागार अमरत्वाचे औषध शोधता शोधता त्याआधीच या मिश्रणापर्यंत येऊन पोहोचले होते. चिनी भाषेत दारूला 'अग्नीचे औषध' असेच म्हणतात. गंमत अशी की, आपला 'दारू' हा शब्द ज्या फारसीतून आला त्या भाषेतही त्याचा मूळ अर्थ औषध असाच आहे. जगाच्या दोन टोकांच्या भाषांनी माणूस मारणाऱ्या पदार्थाला औषधाचे नाव द्यावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

समतेचे हत्यार?

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. गढीचा तट तोफेपुढे टिकला नाही, हे खरे. पण तोफ कोणाच्या मालकीची होती? १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलचे तट ज्या अजस्र तोफेने हादरवले, ती ओतणारा ओर्बान नावाचा हंगेरियन कारागीर प्रथम त्याच शहराच्या बादशहाकडे नोकरी मागायला गेला होता. बादशहाच्या खजिन्यात त्याला देण्यापुरते द्रव्य नव्हते. मग तो सुलतान महंमदाकडे गेला. त्याच्याकडे द्रव्य होते. दारूचा सामाजिक नियम या एका प्रसंगात सामावलेला आहे. ती शूराची बाजू घेत नाही, न्यायाचीही घेत नाही; जो दाम मोजील त्याची घेते.

ज्यांना दारू ही सामान्य माणसाच्या मुक्तीची दूती वाटते त्यांनी १५ मे १५२५ हा दिवस आठवावा. जर्मनीत वेठबिगार आणि करांच्या ओझ्याविरुद्ध उठलेले शेतकरी थॉमस म्युन्त्सरच्या नेतृत्वाखाली फ्रांकेनहाउझेनच्या टेकडीवर जमले होते. त्यांच्याकडेही थोड्या तोफा होत्या; पण दारू आणि गोळे पुरेसे नव्हते. सरदारांच्या फौजांकडे दोन्ही मुबलक होते. त्या एका दिवसात हजारो शेतकरी मारले गेले, म्युन्त्सर पकडला गेला आणि पुढे त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी, १५२६ मध्ये, बाबराने पानिपतावर तोफांच्या बळावर इब्राहिम लोदीचा पराभव केला आणि हिंदुस्थानचे तख्त बदलले. नांगर धरणाऱ्याचा सारा मात्र माफ झाला नाही. सरंजामदार गेला आणि त्याच्या जागी मोठा सरंजामदार आला. त्याच्या हाती तोफखाना होता, आणि तोफखान्याच्या खर्चासाठी अधिक सारा वसूल करण्याचे निमित्तही होते.

एंगल्सने १८७८ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'अँटी-ड्यूरिंग'मध्ये हे वर्म अचूक हेरले होते. दारू आणि बंदुका मिळवायच्या तर उद्योग आणि पैसा लागतो, आणि ती दोन्ही शहरांतील व्यापारी वर्गाच्या हाती होती. म्हणून ही हत्यारे प्रथमपासून शहरांची आणि शहरांच्या आधाराने वाढणाऱ्या राजसत्तेची हत्यारे ठरली, असे त्याचे प्रतिपादन आहे. बळ हे स्वयंभू नसते, त्याच्यामागे उत्पादन असते, हा त्याचा मुद्दा आजही निरुत्तर करणारा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, एंगल्सने शहराच्या ओतशाळेपर्यंत आणून सोडलेला हा धागा आणखी मागे, खेड्यातल्या उकिरड्यापर्यंत न्यावा लागतो. कारण दारूचे रहस्य ओतशाळेत नाही. ते मातीत आहे.

तीन चतुर्थांश दारू

दारूत तीनच पदार्थ असतात: सोरा, गंधक आणि कोळसा. पुढे स्थिरावलेल्या प्रमाणानुसार शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा कोठेही पाडता येतो, गंधक थोडाच लागतो. सोरा मात्र तीन चतुर्थांश हवा, आणि मिश्रणाचा प्राणही तोच. बंद नळीत कोळसा जळायला लागणारा प्राणवायू सोऱ्यातून मिळतो, म्हणूनच बाहेरच्या हवेशिवाय ते मिश्रण क्षणात पेटते आणि गोळा फेकते. तेव्हा दारूचा इतिहास हा पाऊण हिश्शाने सोऱ्याचा इतिहास आहे.

आणि सोरा येतो कोठून? जनावरांच्या आणि माणसांच्या मलमूत्राने भिजलेल्या जमिनीत सूक्ष्म जंतू वर्षानुवर्षे काम करतात. पावसाळा सरून ऊन पडले की खार वर येतो आणि गोठ्याच्या जमिनीवर, गावकुसाच्या मातीवर, भिंतींच्या बुडाशी पांढरा लोणा धरतो. तो खरवडून गोळा करायचा, मातीच्या नांदीत घालून त्यावर पाणी ओतायचे, झिरपलेले पाणी काहिलीत उकळायचे, थंड करून स्फटिक जमवायचे आणि पुन्हा उकळून शुद्ध करायचे. चुलाणाच्या धगीत दिवसभर उभे राहण्याचे हे काम. उत्तर बिहारात ते 'नुनिया' किंवा 'नोनिया' जातीकडे होते. 'नून' म्हणजे मीठ. कामावरून जात आणि जातीवरून काम, असा आपल्या समाजाचा परिचित फेरा. गंगेच्या त्या खोऱ्यात दाट वस्ती, भरपूर गुरेढोरे आणि पावसाळ्यानंतरचा दीर्घ कोरडा काळ, असा योग जुळून आलेला होता. म्हणूनच सतराव्या शतकात डच, इंग्रज आणि इतर युरोपीय कंपन्यांची नजर पाटण्यावर खिळली.

इंग्रजाचे घर आणि बिहारची भिंत

युरोपात तोपर्यंत सोरा कसा मिळत असे, हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात राजाचा परवाना घेतलेले सोरेवाले लोकांच्या कबुतरखान्यांत, तबेल्यांत आणि राहत्या घरांतही घुसून जमीन उकरीत. पहिल्या चार्ल्स राजाने १६२६ साली फर्मान काढून प्रजेला आपले आणि जनावरांचे मूत्र साठवून ठेवण्याची आज्ञा केली होती. राजाच्या तोफांसाठी घराची जमीन उकरून घ्यावी लागते, याचा तेथील प्रजेला विलक्षण संताप येई. अखेर १६५६ साली तेथील संसदेने मालकाच्या संमतीवाचून सोऱ्यासाठी कोणाचीही जमीन खणू नये, असे ठरवले. इंग्रजाचे घर म्हणजे त्याचा किल्ला, या त्यांच्या आवडत्या तत्त्वाचा तो विजय मानला जातो.

पण हा विजय शक्य कशामुळे झाला? त्याच सुमारास बिहारचा सोरा जहाजे भरभरून लंडनला पोहोचू लागला होता म्हणून. जहाजाच्या तळाला वजन म्हणून दगड भरण्याऐवजी सोऱ्याची पोती भरता येत. त्यामुळे वाहतूकही स्वस्त पडे. १६९३ सालच्या सनदेत इंग्लंडच्या राजसत्तेने कंपनीवर अटच घातली की, दरसाल ५०० टन सोरा सरकारी शस्त्रखात्याला पुरवला पाहिजे. लंडनच्या नागरिकाच्या घरची जमीन उकरणे थांबले, कारण सारण, तिरहुत आणि चंपारणच्या भिंती खरवडल्या जाऊ लागल्या. इंग्रजांनी मिळवलेल्या स्वातंत्र्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. त्या स्वातंत्र्याची किंमत कोणाच्या खात्यावर टाकली गेली, एवढेच दाखवायचे आहे. युरोपीय उदारमतवादाची अनेक प्रकरणे अशी दुसऱ्याच्या मातीवर लिहिलेली आहेत.

नुनियाच्या हाती काय आले? दलालांच्या साखळीतून खाली झिरपलेली दादनी, म्हणजे आगाऊ रक्कम. आगाऊ घेतले की माल बांधला गेला, आणि माल बांधला गेला की माणूसही बांधला गेला. मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराची 'उचल' ज्यांनी पाहिली आहे त्यांना या व्यवहाराची फोड करून सांगायला नको. वरच्या टोकाला ख्वाजा वाजिद आणि अमीरचंद यांच्यासारखे गब्बर व्यापारी होते. सोऱ्याच्या मक्त्यासाठी त्यांच्या आपापसांत आणि कंपन्यांशी चुरशी चालत. हाच तो अमीरचंद, ज्याला इंग्रज ओमिचंद म्हणत आणि ज्याला प्लासीच्या कटात खोट्या करारनाम्याने फसवण्यात आले.

प्लासीची कथा आपण शाळेत वाचतो: २३ जून १७५७ रोजी पाऊस आला, नवाबाची दारू भिजली, इंग्रजांनी आपली दारू झाकून ठेवली होती. कथेचा पुढचा भाग शाळेत सांगितला जात नाही. विजयानंतर वर्षभरात, १७५८ साली, क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीसाठी मिळवला. डचांना तेव्हापासून सोऱ्यासाठी इंग्रजांच्या हाताकडे पाहणे भाग पडले. फ्रेंचांची तर सप्तवार्षिक युद्धात दारूवाचून कोंडी झाली. पुढे नेपोलियनशी झालेल्या युद्धांतही ब्रिटिश आरमाराच्या तोफांचा मुख्य आधार हाच सोरा होता. जगाच्या समुद्रांवर ज्या साम्राज्याचा सूर्य मावळत नव्हता, त्याची ठिणगी बिहारच्या गोठ्यातून जात होती.

आणि त्या सोऱ्याच्या कर्त्यांचे काय झाले? अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हाजीपूर, तिरहुत, सारण, पूर्णिया या भागांत नुनियांनी कंपनीच्या पिळवणुकीविरुद्ध प्रतिकार केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळही मिळत नाही. सोरा काढताना खाण्याजोगे मीठही निघते. पण मिठावर सरकारचा कर असल्याने आपल्याच काहिलीतले मीठ नुनियाने परवान्यावाचून काढणे हा गुन्हा ठरला. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची मनाई झाली. युरोपियनांना त्यातून सूट होती. ज्या प्रदेशाने साम्राज्याला दारू पुरवली, तेथील माणसाला चिमूटभर दारू जवळ ठेवण्यासाठी साहेबाची चिठ्ठी लागू लागली. यापेक्षा उघडा न्याय कोणता हवा?

एकदाच नुनियाची विद्या राष्ट्राच्या कामी आली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात बिहारजवळ समुद्र नव्हता. तेव्हा चंपारण आणि सारणच्या सत्याग्रहींनी खारवट माती भिजवून, उकळून मीठ काढले आणि कायदा मोडला. ती पद्धत शतकानुशतके नुनिया वापरीत आले होते. पण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मीठ राहिले, नुनिया राहिला नाही. त्याचा धंदा बुडत गेला तसा तो माती खणण्याच्या आणि विटांच्या कामाकडे वळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्यातील अनेकांनी स्वतःला चौहान रजपूत म्हणवून घेण्यास सुरुवात केली. श्रमाला प्रतिष्ठा नाकारणाऱ्या समाजात माणसाला प्रतिष्ठेसाठी तलवारीचे खोटे नाते शोधावे लागते. साम्राज्याची दारू आम्ही केली, हे सांगण्यात मान नव्हता. ती उडवणाऱ्याचे वंशज असल्याचे सांगण्यात होता.

ओझे खाली सरकते

या इतिहासात एक अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. क्रांतीनंतर चहूबाजूंनी वेढलेल्या फ्रान्समध्ये १७९३–९४ साली बाहेरचा सोरा मिळेनासा झाला, तेव्हा प्रजासत्ताकाने नागरिकांना आपापल्या तळघरांतील माती खरवडून देण्याचे आवाहन केले आणि गावोगाव लोक त्या कामाला लागले. श्रीमंताच्या तळघरातही खुरपे गेले. त्या राजवटीने रक्तही पुष्कळ सांडले. ज्या लाव्हाझिएने १७७५ पासून फ्रेंच दारूखात्याची घडी बसवली, त्याचाच जुन्या राजवटीचा करवसुली मक्तेदार म्हणून ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली वध झाला. तरीही ओझे सर्वांनी मिळून उचलणे अशक्य नसते, एवढे या प्रसंगातून सिद्ध होते.

इतरत्र मात्र ओझे खालीच सरकत गेले. एकोणिसाव्या शतकात बिहारच्या सोऱ्याची जागा दक्षिण अमेरिकेतील अटाकामा वाळवंटाच्या नायट्रेटने घेतली. त्या ओसाड पट्ट्यासाठी चिलीने १८७९ ते १८८४ या काळात पेरू आणि बोलिव्हिया यांच्याशी युद्ध केले आणि तो जिंकून घेतला. तेथील कामगारांना मजुरी नाण्यांत न देता कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या बिल्ल्यांत दिली जाई. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो कामगार बायकामुलांसह वाळवंट तुडवीत इकिके बंदरात आले. त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की, नायट्रेट उकळण्याच्या उघड्या काहिलींवर जाळ्या बसवा, म्हणजे माणसे आत पडून भाजून मरणार नाहीत. २१ डिसेंबर रोजी सांता मारिया शाळेत आणि तिच्यापुढील चौकात जमलेल्या या लोकांवर लष्कराने मशीनगन चालवल्या. किती मेले याचा आकडा आजही वादग्रस्त आहे. काही शेकड्यांपासून दोन हजारांच्या वरपर्यंत तो सांगितला जातो. काहिलीवर जाळी मागितली आणि गोळी मिळाली. त्या गोळीमागे कदाचित त्यांच्याच हातचे नायट्रेट होते.

नंतर हाबरने १९०९ साली हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ पासून ओपाऊ येथे त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले. त्यातून खत झाले, कोट्यवधींना अन्न मिळाले. त्यातूनच पहिल्या महायुद्धात जर्मनीचा दारूगोळाही झाला. ज्या माणसाने धनधान्य दिले त्यानेच मरणही लांबवले. त्याच ओपाऊत २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताचे कोठार फुटले आणि पाचशेहून अधिक माणसे मेली. विज्ञान बदलले, पदार्थ बदलला, मालक बदलले. स्फोटाच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूस तेवढा बदलला नाही.

कोणी म्हणेल, दारूने केवळ माणसे मारली नाहीत, डोंगर फोडून रस्तेही केले. केले ना! आपल्या बोरघाटाचेच उदाहरण घ्या. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याच्या कड्यांतून आगगाडीचा मार्ग काढला गेला. पहारीने भोके पाडायची, दारू ठासायची, बत्ती द्यायची, हे काम करणाऱ्यांची संख्या ऐन भरात चाळीस हजारांच्या वर गेली होती. सुरुंगांनी, दरडींनी आणि त्याहून अधिक पटकीने हजारो माणसे दगावली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीपायी त्यांनी दंगा केला, तेव्हा मुंबई सरकारला त्यांच्या अस्तित्वाची दखल घ्यावी लागली. आज त्या घाटातून जाणारा प्रवासी धबधब्यांकडे पाहून आनंदतो. त्या बोगद्यांचे श्रेय कंत्राटदारांना आणि इंजिनियरांना मिळाले, आणि त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. दोरांना लोंबकळून कड्यात सुरुंग भरणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आजचे नुनिया

आता वर्तमानाकडे वळू. दिवाळी आली की फटाक्यांवर वाद सुरू होतो. एका बाजूला आवाज, धूर आणि फुफ्फुसे. दुसऱ्या बाजूला परंपरा आणि धर्म. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घातलेल्या बंधनांनंतर हा वाद अधिकच तापला. दोन्ही बाजूंना आपापले खरे म्हणणे आहे. पण दोघांचा फटाका दुकानातच जन्माला येतो. तमिळनाडूत शिवकाशीच्या परिसरात तो ज्या हातांनी भरला जातो त्या हातांची आठवण या वादात कोणालाही होत नाही. तेथील मजुरी बहुतांशी नगावर असते; नगावर मजुरी म्हणजे घाई, आणि रसायनांच्या भुकटीशी घाई म्हणजे मृत्यूशी खेळ. काड्यापेटीच्या आणि फटाक्यांच्या त्या कारखान्यांतून बालकांना बाहेर काढण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला १० डिसेंबर १९९६ रोजी, स्वातंत्र्याला एकोणपन्नास वर्षे झाल्यावर, निकाल द्यावा लागला. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टीत एका कारखान्याचा स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतरही त्या जिल्ह्यातून अशा बातम्या येतच राहिल्या आहेत.

आणि शिवकाशी फार दूर आहे, असे महाराष्ट्राने मानण्याचे कारण नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार मेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. सहा महिने उलटत नाहीत तोच, १३ जून २०२४ रोजी, त्याच जिल्ह्यात धामणा येथे स्फोट झाला, आणि मृतांत पुन्हा तरुण मुली होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किमान आठजण गेले. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, हे येथे लक्षात ठेवावे. प्रत्येक वेळी मंत्री आले, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशीचे आदेश निघाले. आठवड्याभरात वर्तमानपत्रांतून ती नावे नाहीशी झाली.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले: हा देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, येथे टीका करणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे. आम्ही विचारतो, जो सीमेवर दारू उडवताना मरतो तो हुतात्मा, आणि जी ती दारू भरताना मरते ती केवळ 'दुर्घटनाग्रस्त', हा भेद कोणत्या देशभक्तीत बसतो? दुसरे उत्तर: या कारखान्यांनी कोरडवाहू खेड्यांतील मुलींना रोजगार दिला. दिला, हे मान्य. पण दादनी देणाऱ्या दलालानेही रोजगारच दिला होता. माणसाच्या गरजेला रोजगाराचे नाव देऊन त्याच्या जिवाची किंमत पाडून मागणे, हा तीनशे वर्षांचा जुना व्यापार आहे.

१७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त गडावरील दारूखान्याविषयी स्पष्ट सूचना आहेत: तो राहत्या घराला लागून नसावा, तेथे नित्य राखण असावी, ठराविक दिवसांनी माल बाहेर काढून त्याला ऊन द्यावे. स्वराज्याच्या कारभाऱ्याला तीनशे वर्षांपूर्वी जे कळत होते ते आजच्या कारभाऱ्यांना कळत नाही, असे कसे म्हणावे? नियम आजही आहेत; ब्रिटिशांनी १८८४ साली केलेला स्फोटकांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला. पण तो कायदा मूलतः दारूला माणसापासून जपण्यासाठी केला गेला. माल चोरीला जाऊ नये, भलत्याच्या हाती पडू नये, ही त्याची चिंता. माणसाला दारूपासून जपणे ही त्यातली दुय्यम बाब राहिली.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. स्फोटकांच्या प्रत्येक कारखान्यातील अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत, तेथील लोकांना कळेल अशा भाषेत प्रसिद्ध झाला पाहिजे. मिश्रण करण्याच्या आणि भरण्याच्या कामावर कंत्राटी आणि रोजंदारीची माणसे नेमण्यास तसेच नगावर मजुरी देण्यास पूर्ण बंदी हवी. धोका दिसताच काम थांबवण्याचा हक्क काम करणाऱ्याच्या हाती हवा, आणि तो वापरल्याबद्दल त्याची नोकरी जाता कामा नये. मृताच्या वारसाला मिळणारी भरपाई ही मंत्र्याच्या दौऱ्यातील दानत नव्हे, तर कायद्याने ठरलेले आणि मालकाला खरोखर बोचेल इतके देणे असले पाहिजे. या मागण्यांत क्रांतिकारक काही नाही. इकिकेच्या कामगारांनी १९०७ साली मागितलेल्या जाळीहून त्या फार पुढे गेलेल्या नाहीत. आणि हीच शरमेची बाब आहे.

दारूचा शोध कोणी लावला, हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. ज्यांना अग्न्यस्त्रांचा अभिमान आहे त्यांनी तो बाळगावा, ज्यांना आधुनिक युगाच्या उद्‌घाटनाचे कौतुक आहे त्यांनी ते करावे. मात्र यापुढे दोघांनाही एक प्रश्न टाळता येणार नाही. सोरा कोणी खरवडला, सुरुंग कोणी भरला, बाजारगावच्या त्या खोलीत कोण उभे होते? ज्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर नाही, तो इतिहास तोफेचा आहे, माणसांचा नाही.